शेंदराची रेघ

पोळ्याच्या दिवशी बैल तोरणाखाली उभे राहिले की खैरी गावात झडत्या, म्हणजे टोमण्यांची सवालजवाबी गाणी, सुरू होत. एकानं म्हणायची, दुसऱ्यानं तोडायची. सासू-सुनेपासून सरपंचापर्यंत त्यात कोणाची गय नसे. त्यातली एक झडती नत्थूजी नावाच्या म्हाताऱ्यानं रचली आणि ती अठरा वर्षं टिकली.

लोखंडाचा बैल, त्याले रबराचा खूर
वसंत्यानं नट सोडला, चाक गेलं दूर
चाक गेलं दूर, गा, मालक वाचला
ज्याचा हात ढिला, त्याचा जीव नासला
हर बोला, हर हर महादेव!

वसंता खाती प्रेमिलाचा नवरा. ही झडती तिच्या कानांवर पहिल्यांदा पडली तेव्हा ती चोवीस वर्षांची होती, आणि कपाळ पुसून तिला सात महिने झाले होते. तोरणाला बांधलेली आंब्याची पानं वाऱ्यानं हलत होती, बैलांच्या शिंगांना बेगड होती, आणि सगळा गाव हसत होता. ती घरी आली. त्यानंतर तिनं पोळा पाहिला नाही. पण झडती काय, भिंतीतूनही येते.

खात्यांचं घर म्हणजे बैलगाडीची चाकं घडवणारं घर. त्यांची एक रीत होती. चाक बसवलं की पहिल्या फेरीला गाडीवानाच्या शेजारी चाक बसवणाऱ्यानं स्वतः बसायचं. हात ज्याचा, जीव त्याचा. वसंता आणि त्याचा धाकटा भाऊ देवराव गाव सोडून नागपुरात आले, कॉटन मार्केटच्या मागं त्यांनी मोटारींचं गॅरेज टाकलं, तेव्हा येताना ही रीतही घेऊन आले. वसंतानं तिच्यात आपली एक भर घातली. चाक कसून झालं की तो खिशातून डबी काढी आणि नटापासून हबपर्यंत, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यापर्यंत, शेंदराची एक सरळ रेघ ओढी. नट केसभर फिरला तरी रेघ तुटलेली दिसावी म्हणून. कोणी विचारलंच तर म्हणे, "मारुतीले लावते ना माणूस? हा बी धावणाराच आहे."

भैयाजी खैरीचे मालगुजार. बंगला रामदासपेठेत, छंद मोटारींचा. त्यांच्याकडे सत्तेचाळीस सालची विलायती एमजी होती. दोन माणसांची, उघडी, बाटलीसारख्या हिरव्या रंगाची. तिचा हॉर्न चिरका, म्हणून लोक तिला टिटवी म्हणत. कलकत्ता, मद्रास, जिथं शर्यत असेल तिथं भैयाजी तिला रेल्वेनं न्यायचे आणि कप घेऊन यायचे. तिची चाकं सायकलसारखी तारांची. प्रत्येक चाकाच्या मधोमध दोन कानांचा एकच मोठा नट, तांब्याच्या हातोडीनं ठोकून बसवायचा. ते ठोकण्याचं काम वसंताचं.

बासष्टच्या जानेवारीत नागपूरबाहेरच्या एका पडक्या धावपट्टीवर शर्यत झाली. वसंता रीतीप्रमाणं भैयाजींच्या डाव्या हाताला बसला. तिसऱ्या फेरीत पुढचं डावं चाक निघून गेलं. गाडी डाव्या अंगावर पडली. भैयाजींचं मनगट मोडलं. वसंताचं काही मोडायचं राहिलं नाही.

भैयाजी दवाखान्यातून म्हणाले, "नट ढिला होता." शर्यतीचे पंच वामनराव सरळ माणूस, त्यांनी आपल्या वहीत तेच लिहून ठेवलं. गाडी बंगल्यावरच्या शेडमध्ये कुलपात गेली. आणि नागपूरच्या गॅरेजांत एक नवा वाक्प्रचार आला. काम कच्चं झालं की मिस्त्री म्हणत, "हा वसंत्याचा नट झाला गा."

देवराव ते ऐकून घ्यायचा. गिऱ्हाईक चावी घेताना हसून विचारायचं, "नट कसला ना, देवराव?" तोही हसायचा, आणि मग दिवसभर कोणाशी बोलायचा नाही. प्रेमिलानं त्याच गॅरेजच्या कोपऱ्यात शिलाईचं मशीन मांडलं. मोटारींच्या सीटा, टांग्यांच्या गाद्या, रेक्झिनची कव्हरं. तिच्या बोटांना सुयांचे घट्टे पडले. मनातली जखम मात्र तिनं कधी सुकू दिली नाही. खपली धरू लागली की ती झडती आपणच गुणगुणायची.

*

एकोणऐंशीचा पोळा झाला आणि पंधरवड्यानं गॅरेजच्या दारात एक ट्रक उभा राहिला. वर ताडपत्रीखाली टिटवी. रंग पापडासारखा फुगलेला, बॉनेटवर कबुतरांची घाण, सीटमध्ये उंदरांचा संसार. मागून भैयाजी आपल्या अँबेसिडरमधून उतरले. सफारी सूट, तोंडात पान, पोट सुटलेलं.

"देवराव, नागपुरात हिच्यावर हात ठेवावा असा तूच एक उरला," ते म्हणाले. "जानेवारीत जुन्या गाड्यांची फेरी आहे. कस्तुरचंद पार्क ते कळमेश्वर, अन् वापस. मले टिटवी पळताना पाहिजे. जशी होती तशी."

देवरावानं मान हलवली. भैयाजींची नजर मशीनकडे गेली. "ही कोण बाई?"

"माही वहिनी. वसंताची बायको."

"अच्छा, अच्छा." भैयाजींनी पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. "चांगला होता गा बिचारा. एक नट विसरला. होते माणसाकडून. मी मनात नाही ठेवलं."

अँबेसिडर निघून गेली. प्रेमिलाच्या हातातलं रेक्झिन तसंच राहिलं. अठरा वर्षांत तिला टोमणे पचले होते. ही माफी पचेना.

"काहून घेतली तुम्ही गाडी?" तिनं विचारलं.

"पाहू द्या," देवराव ताडपत्रीची दोरी सोडत म्हणाला. "अठरा वर्सं कुलपात होती. मले पाहू द्या."

गाडी कुलपात टाकली तेव्हा भैयाजींना तिच्यात काय आहे हे ठाऊक होतं. कुलूप काढलं तेव्हा ते विसरले होते. इतकी वर्षं तीच गोष्ट सांगता सांगता ती त्यांना खरीच वाटू लागली होती. म्हणून त्यांच्या माणसांनी शेडमधलं सगळं सामान न बघता ट्रकमध्ये चढवलं, आणि त्यातच एक गोणपाटाचं पोतं होतं.

पोत्यात चाक होतं. पुढचं, डावं. तारा वाकलेल्या, टायर सडलेलं. देवरावानं ते बाहेर काढलं, घासलेटचा ब्रश फिरवला, आणि त्याचा हात थांबला.

"वहिनी. इकडं या."

चाकावर नट होता.

"जे चाक नट सुटून निघालं," देवराव हळू म्हणाला, "त्याच्यावर नट कसा राहील?"

त्यानं पुन्हा ब्रश फिरवला. ग्रीसच्या काळ्या पापुद्र्याखालून रंग वर आला, वाळलेल्या जास्वंदीसारखा. नटाच्या कानापासून हबपर्यंत एक रेघ, सरळ, कुठं तुटलेली नाही. प्रेमिलानं तिच्यावर बोट ठेवलं. नवऱ्याच्या हाताची इतकी ताजी खूण तिला अठरा वर्षांत मिळाली नव्हती.

देवरावानं चाक उलटं केलं. मागं एक्सलचा तुकडा हबमध्येच राहिला होता, अंगठ्याएवढा जाड. चाक सुटलंच नव्हतं, एक्सलच तुटला होता. तुटलेल्या तोंडाचा अर्धा भाग गुळाची ढेप फोडावी तसा दाणेदार. उरलेला अर्धा काळा, आणि त्याच्या कडेनं वेल्डिंगचा जोड, घासून सपाट केलेला, वरून हिरवा रंग मारलेला.

"हा आधीच मोडला होता," देवराव म्हणाला. "जोडून वर रंग मारला. एक्सलले कोणी जोड मारते काय, वहिनी? बैलाचा पाय मोडला तर कोणी खिळा ठोकून त्याले शंकरपटात पळवते?"

"तुम्ही केलं नाही. ह्यांनी केलं नाही. मंग कोणं?"

"शर्यतीच्या आधी गाडी चार दिवस बंगल्यावरच होती. दादा म्हणे, भैयाजीनं खड्ड्यात घातली अन् बाहेरून कोणाकडून सुधरवून आणली. काय सुधरवलं ते दादाले सांगतलं नाही. नवा एक्सल विलायतेतून यायले दोन महिने लागते. शर्यत हुकली असती."

बाहेर भाजीचे हमाल ओरडत होते. आत घासलेटचा वास.

"वामनरावले दाखवतो," देवराव म्हणाला.

"दाखवा. तो भैयाजी म्हणेल, गाडी यायच्याच गॅरेजात होती, यायनंच जोड मारून आणला. मालगुजाराचं ऐकतील का खात्याचं?" प्रेमिला उठून उभी राहिली. तिचा आवाज अजिबात चढला नाही. "हाच एक्सल जोडून बसवा, भाऊजी. रंग मारा वरून. त्यानं ह्यांले बसवलं तसंच त्याले बसवा."

देवरावानं तुकडा उचलून फळीवर ठेवला.

"पहिल्या फेरीले मले बाजूले बसा लागते," तो म्हणाला.

"नका बसू."

"मंग चाकावर रेघ कशी मारू?"

तिचा राग मात्र तसाच होता.

*

दिवाळी गेली, थंडी पडली. देवरावानं टिटवीचं हाड अन् हाड सुटं केलं. इंजिन उतरवलं, गंज खरवडला, पत्रा ठोकून सरळ केला, लाकडी सांगाडा सागाचा नवा केला. जबलपूरच्या लष्करी भंगारातून जुन्या मापाची पिस्टनं आणली. काम करताना तो इतका हळुवार होई, की जणू आजाऱ्याची कूस बदलतो आहे. प्रेमिलाला ते बघवत नसे. वैऱ्याच्या गाडीला इतकं कोणी कुरवाळतं?

पण तिचेही हात तसेच वागत होते. वसंताची सीट तिनं स्वतः उसवली. जुना काथ्या काढला, नवा भरला, तपकिरी कातडं ताणून टाचायला बसली. सुईसोबत तोंडात ओळी येत गेल्या.

सुई बाई माझी चाले, कातड्याच्या आत
सुई बाई विचारते, कोणाचा गं घात
सुई बाई, नको पुसू, टाका घाल घट्ट
घात ज्यानं केला त्याचा मोडू दे गं हट्ट

काथ्याच्या तळाशी तिला डबी सापडली. पितळेची, चपटी, हिरवी पडलेली. आत शेंदूर वाळून खडा झाला होता. त्या दिवशी वसंताच्या खिशातून ती सीटच्या फटीत घसरली असावी. तिनं तेलाचे दोन थेंब टाकून शेंदूर कालवला आणि डबी गॅरेजमधल्या विश्वकर्म्याच्या तसबिरीपुढं ठेवली. देवरावानं ते पाहिलं.

फेरीच्या आदल्या दिवशी सकाळी ती आली तेव्हा फळीवरचा जुना एक्सल जागेवर नव्हता. टिटवी चारी चाकांवर उभी होती. हिरवा रंग असा, की त्यात तोंड दिसावं.

"कुठं गेला तो?"

देवराव चिंधीनं हात पुसत राहिला.

आणि तेव्हा, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, प्रेमिलाला आपल्याच बोलण्याची भीती वाटली. मागितलेलं मिळालं की काय? त्या सीटवर उद्या देवराव बसणार. ज्यानं तिला अठरा वर्षं भाकर दिली, कधी एक शब्द लागू दिला नाही, तो.

"भाऊजी, तुम्ही बसू नका."

"रीत आहे, वहिनी," तो म्हणाला.

निघताना तिनं तसबिरीपुढची डबी कनवटीला लावली. लावण्याआधी उघडून पाहिली. शेंदरात बोटाची ताजी खूण होती.

*

कस्तुरचंद पार्कात बारा-पंधरा जुन्या गाड्या रांगेत होत्या. बँड होता, दोऱ्या बांधल्या होत्या, कर्ण्यातून नावं पुकारली जात होती. निशाण दाखवायला वामनराव, आता पार पिकलेले, काठी टेकत उभे. भैयाजी डोक्यावर जुनी कातडी टोपी घालून टिटवीत बसले होते, नवरदेव असावा तसे. लोक गाडीवर हात फिरवून जात होते.

प्रेमिला दोरीला लागून उभी राहिली. तिची नजर गाडीवर नव्हती, पुढच्या डाव्या चाकावर होती. गर्दी जरा हलली आणि तिला दिसलं. नटाच्या कानापासून हबपर्यंत शेंदराची रेघ. केशरी, ओली, सरळ.

म्हणजे जोडलेला एक्सल बसवलेला नाही. वसंता म्हणायचा, तोंड खोटं बोलू शकते, रेघ नाही. हा त्याचाच भाऊ. मग जुना एक्सल गेला कुठं, आणि देवराव करतोय तरी काय, ते मात्र तिला कळेना. ती दोरीवरून पुढं वाकली.

देवराव भैयाजींच्या डाव्या हाताला बसला. दार नीट लावून घेतलं. मग सहज, हवापाण्याचं बोलावं तसा म्हणाला, "भैयाजी, पुढचा डावा एक्सल नवा काही भेटला नाही. जुनाच जोडून बसवला. तुम्ही जोडला होता तसाच."

भैयाजींचा हात गियरवर होता. तो तिथंच राहिला.

"कोणता जोड? मी काही जोडलं नाही."

"नाही ना? मंग काही काळजी नाही. नट मी स्वतः कसला आहे. चला. मी बाजूले बसून राहिलो ना."

निशाण पडलं. पुढच्या गाड्या निघाल्या. भैयाजींनी क्लच सोडला, टिटवी चार हात पुढं सरकली आणि धक्का देऊन थांबली. मागच्या गाड्या बाजूनं वळून जाऊ लागल्या. कर्ण्यातून नाव आलं, "भैयाजी, पुढं चला." परत आलं. कोणीतरी हसलं, "टिटवी अंड्यावर बसली गा!"

"पळवा ना, भैयाजी," देवराव म्हणाला. "पंधरा मैल तर आहे कळमेश्वर. रस्त्यात वळणं तेवढी आहेत."

भैयाजींच्या कानशिलावरून घाम उतरला. जानेवारीची सकाळ होती. ते दार उघडून उतरले, जवळपास पडलेच.

वामनराव काठी टेकत आले. "काय झालं?"

"हा मले मारायले निघाला!" भैयाजींचा आवाज फाटला. "एक्सलले वेल्डिंग आहे! यानं जोडलेला एक्सल बसवला!"

गर्दी दोरी ओलांडून आत आली. वामनरावांनी देवरावाकडे पाहिलं. "खरं आहे?"

"काढून पाहा, साहेब. हातोडी सोबत आहे."

देवरावानं जॅक लावला. तांब्याच्या हातोडीचे चार ठोके, नट सुटला. चाक उतरलं, हब उतरला. वामनराव गुडघे धरून खाली बसले, बोट फिरवलं, चष्मा सारखा केला.

"कुठं आहे वेल्डिंग? हा तर अखंड आहे. नवाच घडवलेला दिसते."

"तिथं नाही," भैयाजी धापा टाकत वाकले. "मागून पाहा. इथं. खालच्या अंगानं, बोटभर लांब." त्यांनी बोट नेमकं ठेवलं.

पोलाद तिथंही गुळगुळीत होतं.

"तुम्ही गॅरेजात जाऊन पाहिला होता काय हा?" वामनरावांनी विचारलं.

"मी पायच नाही टाकला तिथं, गाडी दिल्यापासून."

"मंग जागा कशी माहीत?"

भैयाजींचं बोट अजून एक्सलवरच होतं. ते त्यांनी उचललं, पण फार उशिरा.

देवराव सीटमागच्या कप्प्यात वाकला. गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी काढून त्यानं वामनरावांच्या पुढ्यात ठेवलं. तारा कापून काढलेला जुना हब, त्यावर दोन कानांचा नट, त्यावर वाळल्या जास्वंदीची रेघ. आणि मागं तुटका एक्सल. वामनरावांनी तो उलटा केला. मागून. खालच्या अंगानं. बोटभर लांब जोड, हिरव्या रंगाखाली.

मग ते उठून कर्ण्याकडे गेले. थकलेल्या आवाजात, पण एकेक शब्द मोजून त्यांनी सांगितलं की बासष्टच्या शर्यतीत मी नट ढिला होता असं लिहिलं, ते चूक होतं. नट कसलेला होता. एक्सल मोडका होता, आणि मालकाला ते ठाऊक होतं. वसंता खात्याचा हात ढिला नव्हता.

बँडवाले वाजवायचे थांबले होते. भैयाजी टोपी हातात घेऊन उभे. लोक त्यांच्यापासून थोडे थोडे दूर सरकले, जसे चिखल उडू नये म्हणून सरकतात.

देवरावानं हब चढवला, चाक चढवलं, नट ठोकला. मग मागं वळून पाहिलं. प्रेमिला दोरीखालून आली. तिनं कनवटीची डबी काढली, बोट शेंदरात बुडवलं आणि नटापासून हबपर्यंत स्वतःच्या हातानं रेघ ओढली. पुसलेल्या कपाळाच्या बाईनं, इतक्या माणसांसमोर.

"बसा, वहिनी."

ती आपणच शिवलेल्या सीटवर बसली. देवराव भैयाजींच्या जागी बसला आणि त्यानं चावी फिरवली.

"गाडी माझी आहे," भैयाजी कसंबसं म्हणाले.

"तुमचीच आहे," देवराव म्हणाला. "पहिली फेरी चाक बसवणाऱ्याची. संध्याकाळी बंगल्यावर लावून देतो. हातोडीबी ठेवून देतो, नट कसायले कोणी भेटलं तर."

प्रेमिलानं वळून भैयाजींकडे पाहिलं. अठरा वर्षांत तिनं त्यांना किती वेळा, किती तऱ्हांनी मारलं होतं! हे असं जिवंत उभं असणं त्या सगळ्यांहून वाईट होतं, आणि तिला ते आवडलं. "तुम्ही जोड विसरले होते," ती म्हणाली, "होते माणसाकडून. पण आम्ही मनात ठेवलं, भैयाजी."

टिटवीनं एकदा चिरका हॉर्न दिला आणि ती कळमेश्वरच्या रस्त्याला लागली.

*

त्या वर्षी प्रेमिला पोळ्याला खैरीत गेली. तोरणाखाली पहिला मान मालगुजाराच्या जोडीचा. उंच, पांढरे, शिंगांना बेगड लावलेले बैल. भैयाजी आले नव्हते, त्यांच्या गड्यानं कासरे धरले होते. नत्थूजी म्हातारा काठी टेकत पुढं आला. त्याला आता कमी दिसे. त्यानं घसा साफ केला.

लोखंडाचा बैल, त्याले रबराचा खूर
मालकाच्या पोटी जोड, तोंडावर नूर
जोड गेला फुटून, गा, खाती मारला
अठरा वर्सं नटावर दोष सारला
हर बोला, हर हर महादेव!

गाव हसला. गड्यानं मान खाली घातली. बैलांनी शेपट्या हलवल्या, त्यांना काय!

प्रेमिला बायकांतून पुढं आली. पदराखालची पुरणपोळी तिनं म्हाताऱ्याच्या हातावर ठेवली.

"कोण वं?" नत्थूजीनं डोळे बारीक केले.

"वसंताची बायको."

काही बोलावं म्हणून म्हाताऱ्यानं तोंड उघडलं.

"ते राहू द्या, बाबाजी," ती म्हणाली. "झडती परत म्हणा. या खेपेस जोरानं. पुढच्या गावाले ऐकू गेली पाहिजे."